पानाचे तबक : नवख्या हातांसाठी प्रस्तावना

नागपुरातील महाल भागातल्या ज्या वाड्यात माझे बालपण गेले, त्या वाड्याच्या ओटीवर दुपारची जेवणे आटोपून, उष्टी निघून, शेणगोळा फिरून, सगळीकडे निजानीज झाली म्हणजे एक आवाज तेवढा जागा राहत असे, आणि तो म्हणजे आजीच्या अडकित्त्याचा. चिकणी सुपारी अर्धी करून तिचा सपाट भाग खाली टेकवून आजी तिचे पापुद्रे काढू लागली की ते पितळी तबकात अलगद पडत, आणि त्यांतला एखादा उजेडाकडे धरला तर त्यातून पलीकडच्या खिडकीची चौकट अंधूक दिसत असे. त्या अडकित्त्याचे दांडे पितळेचे, शेवटाला पोपटाच्या चोचीसारखे वळलेले, आणि पाते लोखंडाचे होते. पिढ्यान्‌पिढ्या धार लावून लावून ते पाते अर्ध्यावर आले होते. तरी त्याने कधी सुपारीचा भुगा केला नाही. दहाव्या वर्षी तो माझ्या हाती प्रथम देण्यात आला, तेव्हा एवढे जड आणि एवढे आज्ञाधारक हत्यार आपल्या घरात आहे याचे मला जे आश्चर्य वाटले, ते अजून पुरते ओसरलेले नाही.

अशी तबके आज कित्येक घरांत माळ्यावर गाठोड्यात बांधून पडली आहेत. सणासुदीला ती खाली येतात, चिंचेने उजळली जातात, त्यांवर दोन पाने आणि एक अखंड सुपारी ठेवली जाते, आणि सण सरला की पुन्हा वर जातात. ज्यांच्या घरी तबक वारशाने आले पण त्याचा वापर आला नाही, किंवा ज्यांना ते नव्याने घ्यावयाचे आहे पण बाजारात कोणता जिन्नस काय पाहून घ्यावा हे सांगणारे कोणी उरलेले नाही, अशा तरुण गृहस्थ-गृहिणींसाठी ही पुस्तिका लिहिली आहे.

धूम्रपानाच्या शौकिनांनी याच कामी केवढा खटाटोप केलेला आहे ते पाहण्यासारखे आहे. ज्या चिरुटाचे नावच मुळी तमिळ भाषेतल्या ‘सुरुट्टु’ या शब्दापासून निघाले, आणि जो त्रिचनापल्ली व दिंडिगल येथून गोऱ्या अंमलदारांच्या बंगल्यांवर पेट्यांनी जात असे, त्या चिरुटाचे टोक कोणत्या कातरीने कापावे, त्याची पाने वाळून चुरा होऊ नयेत म्हणून पेटीत किती ओलावा राखावा, तो कशाने शिलगवावा, यांविषयी युरोप-अमेरिकेत नवख्यांसाठी पुस्तकेच्या पुस्तके निघाली. आपल्या तबकापुढेही नेमके तेच प्रश्न उभे असतात : कापण्याचा प्रश्न अडकित्त्याचा, ओलावा राखण्याचा प्रश्न पानाच्या डब्याचा. परंतु आपल्याकडे त्यांची उत्तरे सासूकडून सुनेकडे आणि आजोबांकडून नातवाकडे हातांनीच गेली, कागदावर फारशी उतरली नाहीत, आणि एका पिढीचे हात सुटताच ती हरवू लागली.

याचा अर्थ शास्त्रकारांनी तांबूलाकडे दुर्लक्ष केले असा मात्र नव्हे. भोजनोत्तर तांबूलाचा उल्लेख सुश्रुतसंहितेत आहे. कल्याणीच्या चालुक्य कुळातील तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लासात राजाच्या उपभोगांमध्ये तांबूलाला स्वतंत्र स्थान दिलेले आहे. आणि तेरा जिनसांनी युक्त असा त्रयोदशगुणी विडा देवाला अर्पण करण्याचा रिवाज महाराष्ट्रातल्या मंदिरांत आजही चालू आहे. मराठी दरबारांत तर विडा म्हणजे राज्यकारभाराची भाषाच होती. मोहिमेवर निघणाऱ्या सरदाराने विडा उचलावयाचा, वकिलाला विडे देऊन निरोप द्यावयाचा, आणि अत्तर-पान झाले म्हणजे बैठक बरखास्त झाली असे समजावयाचे. नागपूरचे भोसले राजे रघूजी तिसरे ११ डिसेंबर १८५३ रोजी निवर्तले आणि पुढल्याच वर्षी ते राज्य कंपनी सरकारने खालसा केले, तरी दरबार मोडल्यावरही दरबारचा हा दस्तूर वाड्यावाड्यांतून पुढे शंभर वर्षे तसाच नांदला. तबकाभोवतीचे शब्दच ऐकावेत : तांबूल आणि पूगीफल हे संस्कृताचे, तबक, तस्त आणि पानदानातले ‘दान’ हे फारसी अंमलाबरोबर आलेले, आणि अडकित्त्याचे नाते कन्नड भाषेत सुपारीला जे ‘अडिके’ म्हणतात त्या शब्दाशी. हातभर रुंदीच्या एका थाळीत दक्षिणेचा इतिहास असा शेजारी शेजारी मांडलेला असतो, हे मला फार मोलाचे वाटते.

आता प्रत्यक्ष साहित्याकडे वळू. नवख्याने प्रारंभी तीनच वस्तू घ्याव्यात : अडकित्ता, चुनाळे आणि पानांचा डबा. बाकीचा सरंजाम सावकाश जमतो. आणि या तिहींतही जो काय पैसा आणि जी काय चिकित्सा खर्चावयाची ती अडकित्त्यावर खर्चावी, कारण वाईट डब्यातले पान फेकून देता येते, परंतु वाईट अडकित्ता हाताला वाईट वळण लावतो आणि ते वळण नंतर मोडणे कठीण जाते.

मी स्वतः मिळवत्या झालेल्या हातांनी जो पहिला अडकित्ता विकत घेतला, तो त्यावरच्या मोरावर भुलून घेतला. मोराचा पिसारा इतका नाजूक कोरलेला होता की पाते पाहावयाचे मला सुचलेच नाही. घरी आणून पहिलीच सुपारी त्यात धरली आणि दाब दिला, तो सुपारी बाजूला सटकून समोरच्या तसबिरीच्या काचेवर आदळली. दुसरी फुटली, पण तिचे तुकडे न होता ठिकऱ्या झाल्या. अखेर अडकित्ता मिटून दिव्यासमोर धरला तेव्हा उलगडा झाला : पाते बिजागरीपाशी खालच्या ओठाला टेकत होते आणि टोकाशी केसभर वर राहत होते. विकणाऱ्याने तो शोभेची वस्तू म्हणूनच घडवून घेतला होता. तो कापण्यासाठी घ्यावयाचा आहे हे मीच बोललो नव्हतो. तो मोर आजही माझ्या कपाटात आहे, आणि कोणी अडकित्ता घेण्याविषयी सल्ला विचारला की आधी मी तो त्याच्या हाती देतो.

तेव्हा दुकानात गेल्यावर नक्षी शेवटी पाहावी. आधी अडकित्ता मिटून उजेडासमोर आडवा धरावा. पाते आणि खालचा ओठ यांमधून उजेडाची रेघ दिसता कामा नये. मग कागदाचा कपटा मध्ये ठेवून हलकेच दाबावे. कपट्यावर जी खूण उमटते ती बिजागरीपासून टोकापर्यंत अखंड असली पाहिजे. त्यानंतर दोन्ही दांडे धरून डावीउजवीकडे हलवून पाहावे. बिजागरीचा खिळा सैल असेल तर पाते दाबाखाली तिरपे होते, सुपारी सटकते आणि बोट चिमटते. शेवटी अखंड सुपारी मध्ये ठेवून अडकित्ता उघडा असताना मूठ वळून पाहावी. दांडे मुठीत आले पाहिजेत, बोटे ताणावी लागली तर तो अडकित्ता आपल्या हाताचा नव्हे. जुन्या घरांत बायकांचा आणि पुरुषांचा अडकित्ता निराळा असे, त्याचे कारण एवढेच. इतवारीच्या भांडेबाजारात किंवा पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडाऱ्यास हिंडून जुना अडकित्ता मिळाला तर तो नव्याहून पसंत करावा, मात्र वरील कसोट्यांना तो उतरला तरच. धार गेलेली लावता येते, वाकलेली बिजागरी सरळ होत नाही.

कातरण्याची रीत वर्णनाने लांबते, हाताने क्षणात कळते, तरी सांगतो. अखंड सुपारी बिजागरीच्या जितकी जवळ ठेवावी तितके बळ कमी लागते, म्हणून पहिला छेद तेथेच घ्यावा आणि डाव्या हाताची ओंजळ वरून झाकणासारखी धरावी, म्हणजे अर्धुक उडून जात नाही. सुपारी दुभंगली म्हणजे सपाट बाजू खालच्या ओठावर टेकवावी, डाव्या अंगठ्याने आणि तर्जनीने ती पात्याच्या बाहेरून धरावी, आणि प्रत्येक छेदानंतर किंचित फिरवून पुढे सरकवावी. झटका कधीही देऊ नये. सुपारीत पाते शिरताना एक बारीकसा प्रतिकार जाणवतो आणि मग तो एकदम सुटतो. तो सुटण्याच्या आधी हात सैल सोडण्याची सवय झाली की पापुद्रा निघतो, नाही तर खांड निघते. खांडालाही तबकात मान आहेच, पण पापुद्र्यासाठी सुपारी चिकणी, म्हणजे उकडून सिद्ध केलेली असावी. कोकणात श्रीवर्धनकडचा रोठा प्रसिद्ध आहे, तो भाजून कातरल्यास त्याचा स्वाद निराळाच येतो.

काम संपल्यावर पाते कोरड्या फडक्याने पुसणे हा नियम मोडू नये. सुपारीतले तुरट द्रव्य लोखंडाशी मिळून काळे पडते, आणि तो काळा डाग पुढच्या सुपारीवर उतरतो. दांड्यांचे पितळ चिंचेने उजळावे. परंतु चिंचेचे पाणी पात्याला लागू देऊ नये, ते त्यास खाते. मृगाचा पाऊस सुरू झाला की बिजागरीत खोबरेलाचा एक थेंब सोडावा. धार लावताना पात्याची जी बाजू मुळात उतरती असेल तीच दगडावर घासावी. सपाट बाजू घासली की पाते आणि ओठ यांची भेट बिघडते आणि अडकित्ता माझ्या मोराच्या पंक्तीला जाऊन बसतो.

चुनाळ्याविषयी लोक सर्वांत बेफिकीर असतात, आणि तोंड पोळते ते त्यामुळेच. चुनखडी भाजून जो कळीचा चुना होतो तो पाण्यात विरवताना उकळ्या फुटाव्यात इतका तापतो. म्हणून नवख्याने ते काम घरी, आणि विशेषतः लहान मुलांच्या देखत, करूच नये. विरवून वस्त्रगाळ केलेला चुना आणावा. तो हवेशी उघडा राहिला तर वाळतो एवढेच नव्हे, तर हवेतला वायू शोषून पुन्हा दगडाच्या जातीवर जातो. म्हणून चुनाळ्याचे झाकण घट्ट बसणारे हवे, आणि चुन्यावर बोटाच्या पेराएवढे पाणी सदैव असावे. चुनाळे पितळेचे किंवा चिनी मातीचे घ्यावे. अ‍ॅल्युमिनियमची डबी कितीही स्वस्त आणि हलकी असली तरी घेऊ नये, कारण चुना त्या धातूला खातो आणि ते क्षार पानाबरोबर तोंडात जातात. काताची गोष्ट याच्या उलट आहे. खैराचा गाभा उकळून काढलेला कात लोखंडी भांड्यात ठेवला की शाईसारखा काळा होतो, पितळेत किंवा काचेत त्याचा तांबूस रंग टिकतो. आमच्या चांदा-गडचिरोलीच्या रानांत खैर भरपूर, त्यामुळे ही गोष्ट इकडच्या जुन्या बायकांना रसायनशास्त्र न शिकता ठाऊक होती. काडीने चुना घेताना तो पानावर पांढरा दिसला तर जास्त झाला असे समजावे. बोट फिरवल्यावर पान नुसते ओलसर आणि फिकट दिसावे, इतकाच.

पानांच्या डब्याला नागपूरच्या उन्हाळ्याइतका कठोर परीक्षक दुसरा नसेल. पारा ४५ अंशांच्या वर चढतो तेव्हा उघडे राहिलेले पान अर्ध्या प्रहरात करकरीत होते. पण त्याच भीतीने ते ओलेचिंब करून कोंडून ठेवले तर दुसऱ्या दिवशी काळे पडून सडते. सुती, शक्यतो जुन्या धोतराचे फडके पाण्यात बुडवून घट्ट पिळावे, त्यात पाने देठे एका बाजूला करून गुंडाळावीत, आणि डब्याचे झाकण अगदी हवाबंद नसावे. उन्हाळ्यात डबा माठाच्या आडोशाला ठेवावा. आणि रोज सकाळी पाने उलटसुलट करून डागी पान काढून टाकावे. भाकरी का करपली, घोडा का अडला आणि पान का सडले, या तिन्ही प्रश्नांना ‘फिरवले नाही म्हणून’ हे एकच उत्तर असलेला उखाणा आपण लहानपणी ऐकतो. पानाचा डबा बाळगल्यावाचून त्यातले शेवटचे पद खऱ्या अर्थाने कळत नाही.

पानांच्या बाबतीत आम्ही नागपूरकर भाग्यवान आहोत, कारण रामटेक येथून सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे, आणि त्या गडाच्या परिसरात बारई समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पानमळे राखले. पानवेल ही मोठी मानी वनस्पती : तिला पाणी रोज हवे पण मुळाशी साचलेले चालत नाही, उजेड हवा पण ऊन सोसत नाही, वारा हवा पण वाहता सोसत नाही. म्हणून मळ्याच्या चहूबाजूंनी आडोसा उभा करून आत जी हिरवी काळोखी निर्माण केली जाते, तीत मे महिन्याच्या भर दुपारी पाऊल टाकले की अंगावरून पाणी ओतल्यासारखे वाटते. नवख्याने प्रारंभ कपुरी पानाने करावा. ते फिकट, पातळ आणि सौम्य असते. कलकत्ता पान रुंद, जाड आणि तिखट, ते चुन्याचा अंदाज आलेल्याने घ्यावे. पान धुऊन, पुसून, देठ आणि शेंडा खुडून, मागच्या जाड शिरा नखाने काढाव्यात. एवढ्याने पान घडी घेते, फाटत नाही.

उरलेल्या साहित्याला फार शब्द नकोत. लवंग, वेलदोडा, जायपत्री, बडीशेप यांसाठी चार खणांचा चौफुला असावा. दात गेलेल्या वडीलधाऱ्यांसाठी पान कुटावयाचा मुठीएवढा खलबत्ता ठेवावा, त्यात दुसरे काही कुटू नये. आणि तस्त अवश्य ठेवावे, कारण ज्या घरात तस्त नाही त्या घरातला पाहुणा जिना रंगवतो. प्रवासासाठी चंची. शेतावर, बाजाराला, पंढरीच्या वारीला जाताना कनवटीला लावलेली ही कापडी घडीची पिशवी, तिच्या एका कप्प्यात पान, दुसऱ्यात सुपारी, तिसऱ्यात चुन्याची डबी, आणि वरून गुंडाळलेली दोरी, हे खरे तर गरिबाचे संपूर्ण तबकच होय. पुण्यास जाणे झाले तर कवी ‘अज्ञातवासी’ म्हणजे दिनकर गंगाधर केळकर यांनी जन्मभर गोळा केलेला संग्रह राजा केळकर संग्रहालयात अवश्य पाहावा. एकाच कामासाठी कारागिराची कल्पना किती रूपे घेऊ शकते हे तेथल्या अडकित्त्यांच्या दालनात उभे राहिल्यावर समजते.

या ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट बोलणे माझे कर्तव्य आहे, आणि ती आडपडद्याने बोलून भागणार नाही. या तबकात तंबाखूला जागा नाही. आणि सुपारीसुद्धा निरुपद्रवी नाही : जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात तंबाखू नसलेली पानसुपारी, इतकेच नव्हे तर केवळ सुपारीदेखील, माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत गणली आहे. विदर्भात हे सांगण्यासाठी ग्रंथ लागू नये. आमच्या प्रत्येक नाक्यावरच्या पानठेल्यावर प्लास्टिकच्या तुकड्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना टाकून तळहाताने घोटघोटून जो खर्रा बांधला जातो, त्याने तोंड आखडून दोन बोटेही आत जाईनाशी झालेली विशी-पंचविशीतली मुले मी जवळच्या नात्यांत पाहिली आहेत. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, तरी खर्रा काही सुटला नाही.

मला या प्रकरणात साधनांचे स्थान फार महत्त्वाचे वाटते. खर्रा खाणाऱ्याच्या हातात कोणतेच साधन नसते. कोणी तरी दुसरा घोटतो, किती टाकले ते तो पाहत नाही, पुडी खिशात जाते आणि चालता बोलता गालात भरली जाते. तबकातला विडा मात्र बसल्यावाचून होत नाही. पान निवडावे लागते, शिरा काढाव्या लागतात, सुपारीचे चार पापुद्रे निघायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच, आणि समोर कोणी बसलेले असल्यावाचून हा खटाटोप करण्याचे मनात येत नाही. माझी आजी आल्यागेल्याला विडा देई, पण स्वतः जेवणानंतर एकच घेई, आणि एकादशीला तोही नाही. माझ्या घरी सुपारी आता सणावारापुरती आणि कार्यापुरती कातरली जाते. एरवीच्या विड्यात गुलकंद, बडीशेप, किसलेले सुके खोबरे आणि वेलदोडा एवढेच असते, आणि पाहुण्यांनी त्याबद्दल आजवर तक्रार केलेली नाही. या पुस्तिकेतही बिनसुपारीच्या विड्यांचे प्रकरण मी मुद्दाम आधी घातले आहे, आणि ते सर्वांत मोठे आहे.

वाचकाने पुढची पाने क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. मात्र साहित्य हाती आल्यावर पहिले आठ दिवस विडा करण्याची घाई करू नये. रोज सकाळी डबा उघडून पाने फिरवावीत, चुनाळ्यातले पाणी पाहावे, आणि दुपारी एक सुपारी, एकच, घेऊन ती कातरावी. पहिल्या दिवशी ठिकऱ्या होतील, तिसऱ्या दिवशी खांडे पडतील. आठव्या दिवसाच्या सुमारास एखादा पापुद्रा असा निघेल की तो उचलून खिडकीकडे धरावासा वाटेल.